कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांचा हिशोब : प्रथम वर्ष बीएस्सीच्या निकालाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या ठिकाणचं एक अनुदानित महाविद्यालय. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा. प्रथम वर्ष बीएस्सीची एकच तुकडी, साधारण १२० जणांची. निम्म्याहून जास्त मुलंमुली आसपासच्या गावांतून एसटीने येतात. रसायनशास्त्र विभागात कायम प्राध्यापक दोन, आणि उरलेला कार्यभार सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या एका मॅडमकडे. महाविद्यालयाचं, विद्यापीठाचं आणि माणसांचं नाव इथे गाळलं आहे. आकडेही गरजेपुरतेच दिले आहेत, कारण नेमके आकडे दिले तर महाविद्यालय ओळखू येईल.

मी संख्याशास्त्र शिकवतो. त्या काळात आयक्यूएसीचा, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचा, समन्वयकही होतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना १९९४ची. तिच्या तेव्हाच्या सात निकषांतला दुसरा निकष अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाचा. त्यात प्रत्येक विषयाच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे तो विषय शिकून मुलांना काय यायला हवं, ज्यांना आम्ही सगळे ‘सीओ’च म्हणतो, ठरवायच्या आणि त्या किती साध्य झाल्या याचं ‘अटेनमेंट’ काढायचं असतं. कागदावर पद्धत चांगली आहे. प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक प्रश्न एखाद्या सीओला जोडायचा, अमुक टक्के गुण हे लक्ष्य धरायचं, आणि किती विद्यार्थी ते लक्ष्य ओलांडतात त्यावरून १, २ किंवा ३ अशी पातळी द्यायची; ३ सगळ्यात वरची.

आमच्याकडे हे काम एका एक्सेल फाइलमध्ये व्हायचं. ती कधीतरी एका कार्यशाळेतून आली होती. पिवळ्या रकान्यांत गुण भरायचे, बाकीचे रकाने लॉक. शेवटी आकडा यायचा आणि त्याच्या शेजारी ‘केलेली कार्यवाही’ नावाचा रकाना असायचा. मी मागच्या चार वर्षांच्या फायली काढून पाहिल्या. त्या रकान्यात चारही वर्षं एकच वाक्य होतं : ‘उद्दिष्ट साध्य. पुढील वर्षी उद्दिष्ट वाढवण्यात येईल.’ यातलं एक वर्ष तर परीक्षा ऑनलाइन बहुपर्यायी झाली होती, तेव्हाचं.

अडचण

२०२२-२३च्या पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा एकाच आठवड्यात दोन कागद माझ्या टेबलावर आले. एक, रसायनशास्त्राच्या पेपरचं अटेनमेंट. त्यात ‘भौतिक रसायनातील गणिती उदाहरणे सोडवता येणे’ या सीओपुढे पातळी ३ होती. दुसरा, परीक्षा विभागाचं लेजर. त्यात सगळ्यात जास्त मुलं याच पेपरात नापास होती आणि एटीकेटी घेऊन पुढे जाणार होती.

मला आधी वाटलं, कुठेतरी गुण भरताना चूक झाली. मी फाइल पुन्हा भरली. आकडा तोच आला. मग लॉक काढून सूत्र पाहिलं.

पेपरात ‘पाचपैकी कोणतेही तीन सोडवा’ असा पर्याय होता. उदाहरण नको असेल तर मूल ते सोडून दुसरे तीन प्रश्न घेऊ शकत होतं. एक्सेलचं सूत्र फक्त भरलेले रकाने मोजत होतं. समजा दहा मुलं आहेत. सहा जणांनी उदाहरण सोडवलंच नाही, चौघांनी सोडवलं आणि त्यातल्या तिघांना लक्ष्याएवढे गुण पडले. फाइल सांगणार, चारातले तीन, म्हणजे ७५ टक्के. खरी परिस्थिती दहातले तीन. ज्यांना ते येतं तेच त्या प्रश्नाला हात घालतात आणि आम्ही त्यांचाच निकाल सगळ्या वर्गाच्या नावावर लिहीत होतो. कुणीही खोटं केलं नव्हतं. ज्या मुलांना आमची गरज होती ती त्या सूत्रात कुठेच नव्हती, एवढंच.

आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे पेपर महाविद्यालयातच तपासले जातात, त्यामुळे उत्तरपत्रिका परीक्षा विभागाच्या कपाटात होत्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर प्रश्नवार गुणांचा तक्ता असतो. जी माहिती मिळत नाही म्हणून आम्ही बैठकांत हळहळायचो, ती आमच्याच परीक्षकांनी लाल शाईत लिहून ठेवलेली होती. मात्र त्या तक्त्यात एक अडचण होती. प्रश्न सोडवलाच नाही आणि सोडवून शून्य मिळालं, दोन्हीकडे काही जण शून्य मांडत, काही जण चौकट रिकामी ठेवत. म्हणून प्रत्येक उत्तरपत्रिका उघडून आत पाहावी लागली. मी, रसायनशास्त्राचे विभागप्रमुख सर आणि सीएचबीच्या मॅडम असे तिघे चार दुपारी बसलो. परीक्षा विभागातले मामा गठ्ठे सोडून देत आणि संध्याकाळी पुन्हा बांधून ठेवत.

२.३०१० चा प्रश्न

याच चार दुपारींत एक गोष्ट समोर आली, तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

सामू, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी ते सांगणारा पीएच (आम्ल जितकं तीव्र तितका तो कमी), काढायचं एक उदाहरण होतं : ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढा. उत्तर १.६९९०. ज्यांनी हे उदाहरण घेतलं त्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर होतं २.३०१०. इतक्या जणांचं अगदी चार दशांश स्थळांपर्यंत सारखं चुकीचं उत्तर. तपासणाऱ्यांनी तेव्हाच त्यांचे क्रमांक वेगळे टिपून ठेवले होते. सामूहिक कॉपीचा संशय होता आणि तसं पत्र परीक्षा समितीकडे जायच्या बेतात होतं.

मॅडमनी तीन-चार उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, “सर, ही कॉपी नाही. बार सुटलाय.”

०.०२चा लॉग लॉगटेबलातून काढला की ‘बार दोन पॉइंट तीन शून्य एक शून्य’ असा येतो. त्या दोनावरच्या आडव्या रेघेचा अर्थ असा की दोन ऋण आहे, पण पुढचं .३०१० धनच आहे. म्हणजे ऋण दोन अधिक .३०१०, बरोबर ऋण १.६९९०. मुलांनी बार म्हणजे सगळ्या आकड्याचं ऋण चिन्ह असं धरलं आणि पीएचच्या सूत्रात लॉगच्या आधी असलेल्या ऋण चिन्हाने ते घालवून टाकलं. उरलं २.३०१०. वेगवेगळ्या बाकांवर बसलेली मुलं एकाच खड्ड्यात पडत होती, कारण रस्त्यातला खड्डा एकच होता.

०.०१ मोलरचा पीएच २ असतो हे त्यातल्या बहुतेकांना पाठ होतं. मग त्याच आम्लाचं दुप्पट तीव्र द्रावण घेतल्यावर पीएच २च्या वर कसा जाईल, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मला ही गोष्ट बार सुटण्यापेक्षा जास्त लागली. आकडा आणि द्रावण यांचा एकमेकांशी संबंध आहे, हेच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

कॉपीचं पत्र गेलं नाही. ते गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

मुळाशी काय होतं

कार्यालयातून प्रवेश अर्जांची यादी घेतली आणि बारावीला गणित होतं की नव्हतं याप्रमाणे मुलांचे दोन गट केले. आपल्याकडे विज्ञान शाखेत गणित सोडून जीवशास्त्र घेता येतं. नर्सिंग, फार्मसी किंवा मेडिकलच्या आशेने अनेक मुलं तसं करतात आणि तिकडे जमलं नाही की बीएस्सीला येतात. दहावीपर्यंत लॉग शिकवला जात नाही. अकरावीला गणित घेतलं तर तो नीट भेटतो. नाही घेतलं, तर रसायन आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांमागचं टेबल पाहून कसंबसं भागवायचं. बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही.

उदाहरण कोरं सोडणाऱ्यांत आणि २.३०१० लिहिणाऱ्यांत गणित नसलेली मुलं स्पष्टपणे जास्त होती. एकूण निकालाकडे पाहून हे कधीच दिसलं नसतं.

या टप्प्यावर एका ज्येष्ठ सरांनी रास्त शंका काढली. ही कोरोनाची बॅच. यांची अकरावी २०२०-२१ला घरी मोबाइलवर गेली, बारावीची २०२२ची परीक्षा कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. मग दोष त्याचाच नाही का? वाटा त्याचाही असणारच. पण गणित घेतलेली मुलंही त्याच बॅचची होती, त्यांचीही अकरावी मोबाइलवरच गेली होती, आणि ती उदाहरणं सोडवत होती. ‘कोरोनाची बॅच’ एवढं म्हणून थांबलो असतो, तर वर्षभर वाट पाहण्याशिवाय काही करायचं उरलं नसतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय कुणी उघड बोललं नाही, पण तो खोलीत होता : सूत्र आहे तसं राहू द्यावं. नॅकची भेट दीड वर्षावर होती. सूत्र दुरुस्त केलं की पातळी ३वरून १वर येणार. प्राचार्य सरांनी ते स्पष्ट विचारलं, “खाली आलेला आकडा पीअर टीमपुढे ठेवायचा कसा?” माझं म्हणणं होतं की दोन्ही हिशोब शेजारी ठेवू आणि फरक का पडला ते लिहू. यावर दोन बैठका गेल्या. शेवटी सर म्हणाले, “आधी काय करणार ते ठरवा. आकडा कुठला लावायचा ते मग बघू.” तो निर्णय फार मोलाचा ठरला. त्या दिवसापासून चर्चा फायलीवरून वर्गाकडे वळली.

दुसरा पर्याय म्हणजे उपचारात्मक वर्ग. तो आमच्याकडे होताच, साडेचार वाजता. त्याची हजेरी काढली. येणारी मुलं जवळजवळ सगळी गावातलीच राहणारी, आणि त्यांतली अनेक आधीच पास. एसटी पाचला सुटते, त्यानंतरची मुक्कामी गाडी रात्रीची. साडेचारचा वर्ग ज्यांच्यासाठी होता त्यांना तो गाठणंच शक्य नव्हतं. शिवाय त्याची यादी फलकावर ‘स्लो लर्नर’ या नावाने लागायची. त्या यादीखाली कोण उभं राहील?

सत्र सुरू होण्याआधी दहा दिवसांचा ब्रिज कोर्स घ्यावा, ही सूचना सगळ्यांना आवडली. पण प्रवेशाच्या तारखा पाहिल्या तर दुसरीकडे प्रयत्न करून उशिरा येणारी मुलंच बहुतांश गणित नसलेली होती. ती आमच्याकडे पोचेपर्यंत कोर्स संपलेला असणार. तो शिकवायचा कुणी, हाही प्रश्न होता. सीएचबीच्या शिक्षकांना मंजूर तासांचेच पैसे मिळतात. मॅडम ‘घेते मी’ म्हणाल्या असत्या. विनामोबदला दहा दिवस मागणं योग्य नाही यावर विभागप्रमुख ठाम राहिले. ते बरोबर होते.

पेपरातला पर्याय काढून टाकणं आमच्या हातात नव्हतं; प्रश्नपत्रिकेचा आराखडा विद्यापीठाचा. अंतर्गत चाचणी मात्र आमची होती.

काय केलं

२०२३-२४मध्ये शेवटी प्रॅक्टिकलची वेळ निवडली. प्रॅक्टिकल चुकवून चालत नाही, बॅच लहान असते आणि तेव्हा सगळे महाविद्यालयातच असतात. पहिले सहा आठवडे प्रत्येक प्रॅक्टिकलची सुरुवातीची वीस मिनिटं फक्त आकडेमोडीसाठी ठेवली. सुरुवात लॉगने केली नाही. आधी दहाचे घात, मग ०.०२ हे २ गुणिले दहाचा ऋण दोनावा घात असं लिहायची सवय, मग लॉग. ‘बार’ हा शब्द पहिले तीन आठवडे वापरलाच नाही.

मग मुलांनी स्वतः आम्ल पातळ करून तीन द्रावणं बनवली : ०.१, ०.०१ आणि ०.०२ मोलर. आधी वहीत पीएच काढायचा, मग मीटरवर पाहायचा. एका मुलाने वहीत २.३० लिहिलं होतं. मीटर २च्या खाली थांबलं. त्याने इलेक्ट्रोड धुतला, पुन्हा बुडवला, तेच. “सर, मीटर बिघडलंय,” म्हणाला. विभागप्रमुखांनी त्याला ०.०१चं द्रावण दिलं आणि बाजूला झाले. दोन्ही आकडे पाहून तो काही वेळ गप्प उभा राहिला, मग वहीतलं उत्तर खोडून पुन्हा मांडायला लागला. मी दारात होतो. चार वर्षांच्या फायलींमधून मला जे कळलं नव्हतं ते तिथे दोन मिनिटांत कळलं.

अंतर्गत चाचणीत एक उदाहरण सक्तीचं केलं. तपासताना न सोडवलेल्या प्रश्नापुढे आडवी रेघ आणि सोडवून चुकलेल्यापुढे शून्य, एवढाच नवा नियम परीक्षकांना दिला.

सेवांच्या बाजूनेही एक बदल झाला, तो ठरवून नव्हता. विद्यार्थ्यांचा अभिप्राय आम्ही गूगल फॉर्मवर घ्यायचो. उत्तरं सगळी ‘उत्कृष्ट’, आणि कितीतरी नोंदी एकामागून एक, काही सेकंदांच्या अंतराने आलेल्या. म्हणजे एकाच मोबाइलवरून भरलेल्या. त्याऐवजी प्रॅक्टिकलनंतर कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, नाव नको, मराठीत लिहा : कुठे अडतंय? मला फक्त रसायनशास्त्राबद्दल उत्तरं अपेक्षित होती. अनेकींनी ग्रंथालयाबद्दल लिहिलं. पुस्तक देण्याची खिडकी प्रॅक्टिकलच्या वेळेत उघडी आणि मधल्या सुट्टीत बंद, त्यामुळे विज्ञानाच्या मुलांना पुस्तक मिळतच नव्हतं. ग्रंथपालांना चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांच्या जेवणाच्या वेळा आलटून पालटून लावल्या आणि खिडकी मधल्या सुट्टीत उघडी राहू लागली. याला ना समिती लागली, ना निधी.

परिणाम

त्या वर्षीच्या सत्र परीक्षेत उदाहरण कोरं सोडणाऱ्यांची संख्या उघडपणे घटली. २.३०१० हातावर मोजण्याइतक्या ठिकाणी दिसलं. सगळ्यांचा हिशोब धरून काढलेलं अटेनमेंट १वरून २वर आलं. एक्यूएआरमध्ये, म्हणजे नॅकला पाठवायच्या वार्षिक अहवालात, आम्ही जुना आणि नवा दोन्ही हिशोब दिले.

पण पेपराचा एकूण निकाल फारसा हलला नाही. ही गोष्ट मी लपवणार नाही. पुन्हा गठ्ठे उघडले. नापासांच्या यादीत एक गट असा निघाला की ज्यांनी पेपरच दिला नव्हता. प्रवेश घेतलेला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला, आणि मूल कुठल्यातरी कंपनीत कंत्राटी कामाला. त्यांना लॉग शिकवून काय होणार होतं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ योजना आमच्याकडे आहे, पण तिच्यातून मिळणारे पैसे कंपनीच्या पगाराच्या जवळपासही जात नाहीत. त्या मुलांसाठी आम्ही त्या वर्षी काहीही करू शकलो नाही.

आणि मग २०२४-२५ला संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, सगळी रचना बदलली. रसायनशास्त्राच्या पेपराचा आराखडा आणि गुणांची विभागणी बदलली. आदल्या दोन वर्षांशी सरळ तुलना करणं आता शक्य नाही, त्यामुळे सुधारणा टिकली की नाही हे मी आकड्यांनी सांगू शकत नाही. प्रॅक्टिकलमधली वीस मिनिटं मात्र अजून चालू आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी मी ती बैठक वेगळी घेईन. गठ्ठ्यांचं काम संपल्यावर मी विभागाच्या बैठकीत पडद्यावर आलेख दाखवला. सीओनुसार रंग दिले होते, भौतिक रसायन लाल. शिक्षकांची नावं मी काढून टाकली होती आणि तेवढं पुरेसं आहे असं समजत होतो. पण भौतिक रसायन कोण शिकवतं हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्या मॅडमनी बार ओळखला, ज्यांच्यामुळे मुलांवरचा कॉपीचा आळ टळला, त्यांचाच भाग सगळ्यांसमोर लाल रंगात उभा होता. त्यांची नेमणूकच सत्र सुरू झाल्यावर महिनाभराने झाली होती, हे त्या आलेखात कुठेही नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. आलेख आधी त्यांना एकट्यांना दाखवायला हवा होता आणि बैठकीत तो मांडायचा की नाही, कसा मांडायचा, हे त्यांनी ठरवायला हवं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी आमच्याकडे अर्ज केला नाही. पगार, अंतर, दुसरीकडची संधी, काहीही कारण असू शकेल. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

दुसरं, चिठ्ठ्या आधी आणि गठ्ठे नंतर, असा क्रम ठेवेन. मुलांना विचारलं असतं तर साडेचारच्या वर्गाची आणि पाचच्या एसटीची गोष्ट हजेरीपट न काढता पहिल्याच दिवशी कळली असती.

तिसरं, गणित घेतलेल्या मुलांचा विचार आम्ही केलाच नाही. ती वीस मिनिटं त्यांच्यासाठी रिकामी होती. पहिल्या वर्षी ती नुसती बसून राहिली. दुसऱ्या वर्षी त्यांना शेजाऱ्याच्या वहीतली चूक शोधायचं काम दिलं. काही जणांना ते जमलं, काहींनी सरळ उत्तर सांगून टाकलं.

गैरहजर मुलांची यादी आता पहिल्या अंतर्गत चाचणीच्या दिवशीच काढतो. सत्र परीक्षेपर्यंत थांबलं की फार उशीर झालेला असतो. त्या यादीतल्या प्रत्येकाला वर्गशिक्षक फोन करतात. मागच्या खेपेला काही नंबर लागले नाहीत. काहींच्या आईंनी फोन घेतला आणि ‘तो रात्रपाळीला आहे, सकाळी झोपतो’ असं सांगितलं. त्यातल्या दोघांनी विचारलं, प्रॅक्टिकल शनिवारी ठेवता येईल का? शनिवारची बॅच करायची तर लॅब असिस्टंटच्या सुट्टीचा प्रश्न येतो. तो विषय महाविद्यालय विकास समितीच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ठेवला आहे.